जुनाट कंबरदुखी: व्यायामाला समजुतीची जोड

श्रोतेहो, नमस्कार. कंबर धरली की आपण शेक घेतो, मलम लावतो आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांत बरेही वाटते. मात्र जे दुखणे बारा आठवड्यांच्या पुढेही रेंगाळते, त्या जुनाट कंबरदुखीविषयी आज बोलायचे आहे.

अशा बहुतेक रुग्णांच्या दुखण्यामागे फ्रॅक्चर, संसर्ग किंवा गाठ असे एकच ठोस कारण सापडत नाही. तरीही एमआरआयचा अहवाल हाती येतो, त्यात ‘झीज’, ‘गादी सरकली’ असे शब्द दिसतात आणि आपली पाठ आता कामातून गेली, ही धारणा मनात घट्ट बसते. वस्तुतः कंबरदुखीची तक्रारच नसलेल्या लोकांच्या तपासण्यांचे एकत्रित विश्लेषण २०१५ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या मणक्यांतील चकत्यांत, म्हणजे गाद्यांत, झीज आढळली होती. अहवाल देतानाच ही गोष्ट प्रत्येक रुग्णाला सांगितली गेली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

कारण भीती शरीरात उतरते. असा रुग्ण जमिनीवरची चप्पल उचलायला वाकतो, तेव्हा त्याचा श्वास रोखलेला असतो, पाठ ताठ असते आणि एक हात मांडीवर टेकलेला असतो. त्याला नुसता व्यायामाचा तक्ता दिला, तर तो स्नायू आवळूनच व्यायाम करील आणि जरा दुखले की नवी इजा झाली असे समजून सोडून देईल. म्हणून फिजिओथेरपिस्टने आधी त्याचे म्हणणे ऐकावे आणि मग समजावून सांगावे की दुखणे जुने झाल्यावर मज्जासंस्था अधिक संवेदनशील बनते, अपुरी झोप आणि काळजी यांनी वेदना वाढू शकते, आणि वेदना जितकी तीव्र तितकी इजा मोठी, असे गणित येथे लागू पडत नाही. हे पटल्यावर तोच रुग्ण तोच व्यायाम मोकळेपणाने करू लागतो.

ऑस्ट्रेलियात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५७ रुग्ण होते. त्यांतील एका गटाला चार आठवडे, आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी आणि एकदा तासभर वेदनेविषयीचे शिक्षण देण्यात आले. त्या गटाची वेदना आणि अडचण अधिक कमी झाली व हा फायदा वर्षभरानंतरही टिकून होता. अभ्यास लहान होता, हे खरे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांतही रुग्णशिक्षण आणि व्यायाम या दोहोंना स्थान आहे, तर कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन (कंबरेला ताण देण्याचा उपचार) यांचा नेहमीचा उपचार म्हणून वापर करू नये, असे म्हटले आहे.

लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत बधिरपणा येणे किंवा पायातली ताकद कमी होत जाणे, अशी लक्षणे असतील तर व्यायामाची वाट न पाहता तातडीने डॉक्टरांकडे जावे.

इतरांनी चालण्यापासून सुरुवात करावी. आज सहज जमेल तेवढीच मिनिटे ठरवून चालावे, बरे वाटले म्हणून एकाच दिवशी दुप्पट चालू नये, आणि चालल्यावर किंचित दुखून दुसऱ्या दिवशी पूर्ववत वाटले, तर तेवढेच चालणे चालू ठेवून पुढील आठवड्यात थोडे वाढवावे.