मडकं आणि वारूळ

[चाकावर चढणारं मडकं]

चाक फिरतंय. ओल्या गोळ्यात अंगठा रुततो, बोटांच्या चिमटीत भिंत वर चढते, काठ वळतो. बुडाखालून दोरा ओढला की मडकं सुटतं. हे हात दिसले नसते, नुसतं मडकं वाटेत पडलेलं दिसलं असतं, तरी कुणीतरी ते घडवलंय हे आपण ओळखलंच असतं.

नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, ईश्वराचं अनुमान केलं ते याच मडक्यावरून. जे कार्य आहे, म्हणजे कधीतरी घडलेलं आहे, त्याला कर्ता असतो. पृथ्वी हेही कार्य, म्हणून तिलाही कर्ता आहे. साधारण हजार वर्षांपूर्वी मिथिलेच्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त हा युक्तिवाद पूर्ण ताकदीनं मांडला.

[वारूळ, अगदी जवळून]

आता हे बघा. हीसुद्धा मातीच. हिलाही आकार आहे, भिंती आहेत, आत वाटा आहेत. मग हेही कुंभारानंच केलं म्हणायचं? हा प्रश्न बौद्ध आचार्य धर्मकीर्तींचा, उदयनांच्या काही शतकं आधीचा. मडक्यामागे कुंभार असतो हे आपल्याला कळतं, कारण आपण त्याला घडवताना पाहिलेलं असतं. डोंगर घडवताना कुणाला पाहिलंय? ‘आकार’ हा शब्द तेवढा दोन्हीकडे सारखा.

[डोंगरावर धुकं, मग धूर]

धुरावरून विस्तव ओळखतात. धूर पांढुरका असतो, पण नुसतं पांढुरकं दिसलं की तिथे विस्तव असतोच असं नाही.

प्रत्यक्ष दिसतं तेवढंच मानणारे चार्वाक याहून पुढे गेले. आजवर धुराखाली विस्तव सापडला, ठीक. न पाहिलेल्या धुराची खात्री कोण देणार? उदयन म्हणतात, शंकेलाही हद्द असते. धूर हवा असला की शंका घेणारा स्वतःच विस्तव पेटवतो! त्याच्या बोलण्यात आणि वागण्यात विसंगती आली की शंका संपली. मला हे उत्तर फार मोलाचं वाटतं. बाराव्या शतकात अद्वैती पंडित श्रीहर्षांनी उदयनांचाच श्लोक, मोजकी अक्षरं बदलून, त्यांच्यावर उलटवला: विसंगती दाखवता, म्हणजे शंका आहेच, मग तिला हद्द कुठली?

[ताडपत्रं]

प्रत्यक्ष पाहिलेल्यालाही प्रमाण, म्हणजे ज्ञानाचा खात्रीचा आधार, न मानणाऱ्या जयराशी भट्टांचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ १९२६ साली गुजरातमधल्या पाटणच्या ग्रंथभांडारात सापडला, १९४० साली बडोद्याहून छापला गेला. चार्वाकांचे मूळ ग्रंथ मात्र उरले नाहीत; त्यांचं म्हणणं मुख्यतः विरोधकांनी खोडून काढण्यासाठी आधी मांडलेल्या पूर्वपक्षातून कळतं.

[पुन्हा वारूळ]

वाळवी मातीचा ओला कण आणून ठेवते. त्यावर दुसरा.