दोन पेनांचा डबा

नमस्कार श्रोतेहो. औषधाच्या दुकानात काउंटरमागे माझी तीसेक वर्षं गेली. अॅड्रेनालिनची अँप्युल मला डोळे मिटूनही ओळखता येईल. तपकिरी काच, करंगळीएवढी, आत एक मिलिलिटर पाण्यात एक मिलिग्रॅम औषध. गांधीलमाशी चावून अंगभर गांधी उठलेला, घसा आवळत चाललेला माणूस दवाखान्यात आला की डॉक्टर त्या अँप्युलची मान मोडतात, औषध सिरिंजमध्ये ओढतात आणि मांडीत टोचतात. काही रुपयांचा मामला.

माझी भाची न्यू जर्सीत राहते. तिच्या मुलाला शेंगदाणा चालत नाही, म्हणून त्यांच्याकडे साबुदाण्याची खिचडी कुटाशिवाय होते. पोराच्या दप्तरात कायम दोन पेनं असतात. एपिपेन, म्हणजे मांडीवर दाबलं की आपोआप औषध टोचणारं, पेनासारखं इंजेक्शन. आत तेच आपलं अॅड्रेनालिन, तेही 0.3 मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या अँप्युलच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. लहान मुलांच्या पेनात तर 0.15. आणि 2016 साली दोन पेनांच्या डब्याची छापील किंमत 608 डॉलर! मुदत दीडेक वर्षाची. वापरलं नाही तरी फेकायचं आणि नवं घ्यायचं.

मायलन कंपनीकडे हे पेन 2007 मध्ये आलं, तेव्हा जोडी शंभरेक डॉलरला मिळायची. मग किंमत चढत गेली. 2011 पासून सुटं पेन विकणंच बंद, घ्यायची तर जोडीच. कंपनीच्या प्रमुख हेदर ब्रेश यांना सप्टेंबर 2016 मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे बसून उत्तरं द्यावी लागली.

तुम्ही म्हणाल, औषध शंभर वर्षांहून जुनं, मग दुसऱ्या कंपन्या झोपल्या होत्या का? खरी मेख इथं आहे. औषधावर कुणाचाच हक्क नव्हता. हक्क होता तो पेनावर, आतल्या स्प्रिंगवर, सुई बाहेर येण्याच्या रीतीवर. या पेनाचं मूळ सैन्यात आहे. विषारी वायूचा हल्ला झाला तर जवानाला स्वतःच्याच मांडीत उतारा टोचता यावा म्हणून केलेली ती युक्ती. निळी टोपी ओढायची, नारिंगी टोक मांडीवर दाबायचं. पँटवरूनही चालतं. घाबरलेल्या आईला, शाळेतल्या बाईंना, कुणालाही जमलं पाहिजे.

आणि म्हणूनच नक्कल अवघड. गोळीची जेनेरिक, म्हणजे ब्रँडच्या नावाशिवायची नक्कल, करताना रक्तात औषध तितकंच उतरतं हे दाखवलं की काम बरंचसं झालं. इथं अमेरिकेचं औषध खातं विचारणार, एपिपेनची सवय असलेल्या माणसाच्या हातात ऐनवेळी तुमचं पेन आलं, तर तो चुकेल का? एपिपेनची जेनेरिक काढू पाहणाऱ्या टेव्हा या इस्रायली कंपनीनं पेटंटचा खटला 2012 मध्ये मिटवला, 2015 च्या जूनपासून विक्रीची मुभाही मिळवली. पण 2016 च्या सुरुवातीला तिचा अर्ज त्रुटी काढून परत आला. सानोफी कंपनीचं ऑव्ही-क्यू तर बोलायचं! पुढे काय करायचं ते आवाजात सांगणारं चपटं यंत्र. डोस चुकण्याची शक्यता निघाली आणि ऑक्टोबर 2015 मध्ये सगळा माल परत मागवावा लागला. मैदान मोकळं राहिलं ते असं.

ओरड झाल्यावर मायलननं स्वतःच स्वतःची जेनेरिक काढली, जोडी 300 डॉलर. पेन तेच, लेबल वेगळं. आमच्या धंद्यातल्या माणसाला याचं हसू येतं आणि रागही. जानेवारी 2017 मध्ये सीव्हीएस या दुकानसाखळीनं इम्पॅक्स कंपनीचं पेन जोडी 110 डॉलरला ठेवलं. पण ते एपिपेनची बरोबरीची जेनेरिक नव्हे. चिठ्ठीवर एपिपेन लिहिलं असेल तर दुकानदार ते आपणहून बदलून देऊ शकत नाही. स्वस्त पेन फळीवर, आणि गिऱ्हाईक महागडं घेऊन घरी.

टेव्हाला मंजुरी मिळाली ती ऑगस्ट 2018 मध्ये. आता तरी भाव कोसळेल, असं वाटलं. नोव्हेंबरमध्ये त्यांचं पेन आलं. किंमत? जोडी 300 डॉलर. मायलनच्या जेनेरिकइतकीच. माझा अनुभव सांगतो, बाजारात दुसरा गडी आला की पहिल्याच्या भावाकडे बघून आपला भाव लावतो. घासाघीस सुरू होते ती चौथ्या-पाचव्याला. आणि एवढी खटपट करून चौथा-पाचवा येणार कुठून?

ऑगस्ट 2024 मध्ये नाकात मारायच्या अॅड्रेनालिन फवाऱ्यालाही तिकडे मंजुरी मिळाली. सुईच नाही. भाचीनं फोनवर पहिलं विचारलं ते हेच, की विमा देईल का.

तुमचं कुणी तिकडे असेल, घरात अशी अॅलर्जी असेल, तर दोन गोष्टी सांगा. डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं नाव लिहून घ्या, म्हणजे दुकानात विचारपूस करता येते. आणि पेन बदललं की बिनसुईचं सरावाचं पेन मागून घ्या. टेव्हाच्या पेनाची टोपी आधी पिरगळून काढावी लागते, निळी कळ त्यानंतर. भाचीच्या मुलानं ते टेबलावर ठेवून, आजीला शेजारी बसवून दहा वेळा केलं. आजीनंही केलं.