पायलटची ज्योत कधी विझते, ते आधी बघा

नमस्कार श्रोतेहो. गॅस हीटर पेटवावा, खोली जरा कुठे उबदार व्हायला लागावी आणि आतली छोटी निळी ज्योत, म्हणजे पायलट, विझावी. पुन्हा पेटवावी, पुन्हा विझावी. वैताग येतोच. पण परत काडी ओढण्याआधी एक गोष्ट लक्ष देऊन बघा: ज्योत नेमकी कधी विझते? अर्धं निदान तिथेच होतं.

नॉब दाबून धरलाय तोवर ज्योत जळते आणि हात काढला की विझते, असं असेल तर संशय थर्मोकपलवर घ्यायचा. ज्योतीच्या तोंडाशी धातूची बारीक कांडी दिसते ना, तेच ते. टोक तापलं की दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यात वीज तयार होते; झेबेक या शास्त्रज्ञाला १८२१ मध्ये आढळलेल्या गुणधर्माचाच हा उपयोग. वीज तरी किती, तर साधारण २० ते ३० मिलिव्होल्ट. तेवढ्यावर व्हॉल्व्हमधलं चिमुकलं चुंबक गॅसची वाट उघडी धरतं. टोक थंड पडलं की चुंबक सुटतं, स्प्रिंग वाट बंद करते आणि न जळलेला गॅस खोलीत पसरत नाही. किती साधी आणि किती भरवशाची सोय आहे ही!

म्हणून पेटवल्यावर नॉब निदान अर्धा ते एक मिनिट दाबून धरा. बरेचजण फार लवकर सोडतात. मग ज्योतीकडे बघा. ती निळी, स्थिर आणि कांडीच्या टोकाला वेढणारी हवी. पिवळी, लवलवती असेल तर हवेच्या छिद्रात धूळ बसलेली असते. अगदीच बारीक असेल तर नोझल तुंबलेलं असतं. बरेच महिने बंद राहिलेल्या हीटरमध्ये कोळ्याचं जाळंही सापडतं. गॅस बंद करून, हीटर पूर्ण गार झाल्यावर मऊ ब्रशने धूळ काढा, टोकावरची काजळी हलक्या हाताने पुसा. नोझलमध्ये टाचणी मात्र घालू नका, छिद्र मोठं होतं. एवढं करूनही ज्योत टिकत नसेल तर थर्मोकपल बदलावं लागतं. तो सुटा भाग आहे, मेकॅनिक बदलून देतो.

ज्योत बराच वेळ जळून मग विझत असेल तर वाऱ्याचा झोत येतो का, सिलिंडर संपत आलाय का, हे बघा. आणि धुराडं नसलेला हीटर बंद खोलीत असेल, तर माझी कळकळीची विनंती आहे, तो लगेच पुन्हा पेटवू नका. अशा बऱ्याच हीटरमध्ये, हवेतला ऑक्सिजन नेहमीच्या २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांच्या आसपास उतरला की पायलट आपोआप विझेल अशी रचना असते. डोकं जड झालं, मळमळलं, तर आधी सगळ्यांना बाहेर काढा. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो; त्याला ना रंग असतो ना वास. ही सुरक्षा बायपास करून देतो म्हणणारा कोणी भेटला, तर त्याला हीटरला हात लावू देऊ नका.

पुन्हा पेटवण्याआधी नॉब बंद करून पाच मिनिटं थांबा आणि जमिनीलगत वास घ्या, कारण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. वास आला तर काडी नको, विजेचं बटणही नको. दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि फोन बाहेरूनच करा.