माळ्यावरून उतरलेला टीव्ही

रविवारची सकाळ आहे. सांगलीच्या विश्रामबाग भागातील एका शाळेच्या पटांगणावर ताडपत्री अंथरली आहे आणि परिसरातील रहिवासी घरातील बंद पडलेली उपकरणे आणून देत आहेत. स्कूटरच्या पायठणीवर मिक्सर येतो, पिशवीतून चार्जर आणि बटणांचे जुने मोबाईल येतात, आणि रिक्षातून दोघांनी धरून उतरवलेला पिक्चर ट्यूबचा टीव्ही येतो. प्रत्येक वस्तूचे वजन होते, वहीत नोंद होते आणि देणाऱ्याला पावती मिळते.

या शहराला ई-कचऱ्याचे एरवी न दिसणारे रूप एकदा एकाच वेळी दिसले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली आणि पाणी ओसरल्यावर फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही हे सारे गाद्या आणि भिजलेल्या धान्याबरोबर रस्त्यावर आले. एरवी हीच उपकरणे वर्षानुवर्षे माळ्यावर पडून राहतात, कारण ती टाकवत नाहीत आणि दुरुस्त करणे परवडत नाही.

शेवटी बहुतेक वस्तू भंगारवाल्याकडे जातात. त्याला खलनायक ठरवणे सोपे असले, तरी दारात येऊन रोख पैसे मोजणारा तो एकटाच असतो, हेही मान्य केले पाहिजे. अडचण त्याच्या कामाच्या पद्धतीत आहे. पिक्चर ट्यूबच्या निमुळत्या मानेभोवती तांब्याची कॉइल असते. ती काढताना मान मोडली, की निर्वात नळीत सूं आवाज करत हवा शिरते. तांबे विकले जाते आणि उरलेली काच उकिरड्यावर किंवा ओढ्यात जाते. त्या काचेच्या मागच्या, नरसाळ्याच्या आकाराच्या भागात शिसे असते, आणि पडद्याच्या आतल्या बाजूला हाताला लागणारी रासायनिक भुकटी असते. वायरींचे तांबे मिळवण्यासाठी त्यांवरील प्लॅस्टिक उघड्यावर जाळले जाते आणि सर्किट बोर्डवरील सोने आम्लात विरघळवून काढले जाते. ते आम्ल पुढे गटारात जाते.

म्हणूनच या संकलनाचा आग्रह एकच आहे: वस्तू न उघडता, अखंड आणून द्यावी. फुगलेली मोबाईल बॅटरी मात्र वेगळी घेतली जाते, कारण लिथियमची बॅटरी दाबली गेली तर पेट घेऊ शकते. ट्यूबलाइट आणि सीएफएल दिव्यांत पारा असल्याने ते न फोडता खोक्यात ठेवले जातात. मोबाईल देण्यापूर्वी सिम आणि मेमरी कार्ड काढून माहिती पुसण्याची सूचना कार्यकर्ते प्रत्येकाला करतात, आणि तरीही एखाद्या फोनमध्ये सिम सापडतेच.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या ई-कचरा नियमांनी पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. त्याने नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडून ठरलेल्या प्रमाणात पुनर्चक्रण झाल्याची प्रमाणपत्रे घ्यायची असतात. कागदावर ही साखळी पूर्ण दिसते, पण माळ्यापासून कारखान्यापर्यंतचा टप्पा कोणालातरी चालावाच लागतो. जगभरात २०२२ मध्ये निर्माण झालेल्या ६.२ कोटी टन ई-कचऱ्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रण झाल्याची नोंद जेमतेम २२ टक्क्यांची आहे, ती बऱ्याच अंशी याच टप्प्यामुळे.

पटांगणावर परिसरातील एक भंगारवालाही हातगाडी घेऊन उभा आहे. लोखंडी स्टँड आणि पत्रा त्याच्याकडे जातो, बोर्ड असलेली प्रत्येक वस्तू ताडपत्रीवर राहते; ही वाटणी त्याच्याशी आधी बोलून ठरली आहे.

कॉइल आधीच काढून घेतलेला टीव्हीही येथे परत पाठवला जात नाही. त्यातून पुनर्चक्रण करणाऱ्याला फारसे काही मिळत नाही, उलट काच हाताळण्याचा खर्च अंगावर पडतो. त्यामुळे मदरबोर्ड आणि मोबाईल हवे असतील, तर त्याच फेरीत हे रिकामे टीव्हीही उचलावे लागतील, अशी अट कार्यकर्त्यांनी माल नेणाऱ्याला घातली आहे.