नववं अंडं

(दृश्य : पहाट. मातीची पडवी, कोपऱ्यात टोपली. फक्त पिलांची चिवचिव.)

संगमेश्वर तालुक्यातल्या या घरात गेले एकवीस दिवस पडवीचं दार कुणी जोरात लावलेलं नाही. कोपऱ्यातल्या टोपलीत, भाताच्या पेंढ्यावर, खुडूक कोंबडी बसली आहे. दिवसातून एकदा उठते, दाणे टिपते, पाणी पिते, परसात फिरून येते आणि थोड्याच वेळात पुन्हा पिसं फुलवून अंड्यांवर बसते.

आजीने तिच्याखाली अकरा अंडी ठेवली. सगळी घरच्याच कोंबड्यांची, आठवड्याच्या आतली. दुकानातली अंडी कितीही उबवली तरी त्यातून पिल्लू निघत नाही, कारण त्या कोंबड्यांमध्ये कोंबडा नसतोच. टोपलीत एक कोळसा आणि एक लोखंडी खिळा आहे. वीज कडाडली तर अंडी बाधू नयेत म्हणून. खिळ्यामुळे पिलं वाचतात असं मी म्हणणार नाही. पण जे हात आठवणीने तो खिळा ठेवतात, ते अंड्यांनाही फार जपून लागतात, हे मी पाहिलंय.

(दृश्य : अंधारी खोली. मुठीत मोबाईलचा टॉर्च, मुठीच्या भोकावर अंडं.)

ही सातव्या रात्रीची गोष्ट. नात एकेक अंडं उजेडावर धरते. कवच लालसर उजळतं, आत बारीक शिरांचं जाळं दिसतं आणि मधोमध एक काळा ठिपका झटकन हलतो. त्याचं काळीज दुसऱ्या दिवसाच्या आसपासच धडधडायला लागलेलं असतं. दोन अंडी मात्र नुसतीच पिवळी, स्वच्छ. ती बाजूला काढली. उरली नऊ.

एकविसाव्या दिवशी आठ पिलं बाहेर आली. बाविसाव्या दिवशी सकाळी कोंबडी उठली आणि आठांना घेऊन अंगणात गेली. तिचंही बरोबरच आहे, आठांना आता चारायला न्यायचं होतं. टोपलीत नववं अंडं राहिलं. त्याला काल दुपारी पिलाने आतून चोच मारलेली होती. तांदळाच्या दाण्याएवढं भोक, आणि आतून आवाज येत होता.

इथे थोडं थांबू या. कारण याच घडीला माणसाचा हात पुढे होतो, आणि पुष्कळ पिलं याच घडीला दगावतात.

अठराव्या दिवसापर्यंत पिलाने अंडं जवळजवळ भरून टाकलेलं असतं. जाड टोकाला हवेची पोकळी असते. पिल्लू आधी तिथला पापुद्रा फोडतं आणि आयुष्यातला पहिला श्वास घेतं. ती हवा थोडकी असते, लवकरच अपुरी पडते. मानेमागचा एक खास स्नायू आखडतो, डोकं वर उसळतं आणि चोचीच्या टोकावरचा पांढरा कडक दाणा कवचावर आदळतो. हा दाणा एवढ्यासाठीच उगवलेला असतो, काही दिवसांत गळून पडतो.

पहिला तडा गेला, की पिल्लू गप्प होतं. बारा तास, कधी चोवीस तास. बघणाऱ्याला वाटतं, अडकलं बिचारं. पण याच वेळात कवचाला चिकटलेल्या पापुद्र्यातलं रक्त हळूहळू त्याच्या अंगात परत जात असतं. उरलेला बलक बेंबीवाटे पोटात ओढला जात असतो. त्या बलकावर पिल्लू जन्मल्यानंतर दोनेक दिवस दाण्यापाण्यावाचून तगू शकतं. म्हणजे बाहेरून जे थांबणं दिसतं, ते आतलं सगळ्यात मोठं काम असतं.

मी नऊ वर्षांचा असताना असंच एक अंडं सोललं होतं. पिल्लू ओरडत होतं, मला राहवेना. कवचाचा दुसरा तुकडा काढताच पापुद्र्यातून रक्ताची धार आली. बलक अजून पोटाबाहेर होता. संध्याकाळच्या आत पिल्लू गेलं. ते माझ्या तळहातावर होतं आणि अजून कोमट होतं. तो तळहात मी विसरलेलो नाही. ही चित्रफीत करावीशी वाटली, त्याच्या मुळाशी ते पिल्लू आहे.

(दृश्य : थर्माकोलचा खोका, आत बल्ब, वाटीत पाणी, तापमापक.)

आजीने नववं अंडं उचललं, कानाशी धरलं. गार पडायला लागलं होतं, पण आतून चोचीची टकटक येत होती. नातीने हवेसाठी भोकं पाडलेला खोका आणला. बल्ब लावला, पारा साडेसदतीस अंशांवर आणला, कोमट पाण्याची वाटी आणि ओलं फडकं आत ठेवलं. शेवटच्या दिवसांत अंड्याला ऊब लागते तितकीच ओलही लागते. कोरड्या हवेत पापुद्रा वाळतो आणि पिलाच्या अंगाला पिशवीसारखा आवळून बसतो.

दुपारी चोवीस तास उलटले. भोक तेवढंच होतं. कडेचा पापुद्रा वाळून पिवळट, कागदासारखा झाला होता आणि आवाज खोल गेला होता. आता मात्र मदत लागणार होती. आजीने हात धुतले, कापसाचा बोळा कोमट पाण्यात भिजवून पिळला आणि पापुद्र्यावर टेकवला. चोचीच्या बाजूला पाणी जाऊ दिलं नाही, नाहीतर नाकपुड्यांत शिरतं. ओला झाला तसा पापुद्रा पारदर्शक झाला. आणि त्यात दिसली एक लाल रेघ.

नातीची बोटं पुढे आली होती.

"राहू दे गो," आजी म्हणाली. "रक्त हाय अजून. दम घेतंय ता."

अंडं परत खोक्यात ठेवलं. तीन तास कुणी झाकण उघडलं नाही.

(दृश्य : संध्याकाळ. कंदिलाचा उजेड, आजीचे हात जवळून.)

दिवेलागणीला पुन्हा बोळा टेकवला. लाल रेघ नव्हती, पापुद्रा कोरा होता. आजीने नखाने कवचाचा कण उचलला, मग शेजारचा. फक्त जाड टोकाकडचा भाग, टोपीसारखा, गोल फिरत. मध्ये एकदा थांबली, पुन्हा ओलावलं. चोच मोकळी झाली, मग डोकं. ओलं, चिकट, डोळे मिटलेलं. खालचा भाग तिने सोडून दिला. बेंबी त्याच भागात असते, तिथे हात घालायचा नसतो. कवचाला लाथ मारून बाहेर यायचं ते पिलानेच.

त्याला त्यानंतर पाऊण तास लागला. एक पाय, मग एक उसासा, मग सगळंच अंग एकदम फडक्यावर. कवच आतून कोरडं होतं, रक्ताचा फक्त एक बारीक ठिपका.

पिसं वाळून ती कापसासारखी फुलेपर्यंत त्याला खोक्यातच ठेवलं. आई नसती तर पहिला आठवडा बत्तीस ते पस्तीस अंशांची ऊब लागली असती, आणि पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पण इथे आई होती. रात्री, काळोखात, आजीने पिल्लू मुठीत धरून कोंबडीच्या पंखाखाली सरकवलं. उजेडात नवं पिल्लू दिसलं तर कोंबडी टोचते, काळोखात सहसा घेते. ती घशातल्या घशात कुरकुरली, पंख थोडा उचलला आणि पुन्हा बसली.

(दृश्य : सकाळ. उथळ थाळी, पाण्यात खडे.)

थाळीत खडे टाकलेत, पिल्लू पाण्यात बुडू नये म्हणून. नातीने नवव्याला ओळखलं, कारण ते अजून थोडं झोकांड्या खातंय. तिने त्याची चोच पाण्याला टेकवली. पिलाने डोकं झटकलं, मान वर केली आणि पहिला घोट गिळला. मग आपणहून पुन्हा वाकलं.