वडगावची शेवंती

(पहाट. बेळगावातल्या वडगावची गल्ली. घराघरांतून मागांचा खटखटाट.)

वडगाव म्हणजे साड्या विणणाऱ्यांची वस्ती. इथं दिवस उजाडतो तो मागांच्या आवाजानं. शेवंती आम्हाला सापडली ती अशाच एका बंद पडलेल्या मागाखाली. जुलैचा पाऊस कोसळत होता आणि ही सुताच्या गुंत्यावर अंग आखडून बसली होती. पांढऱ्या अंगावर काळे-पिवळे पट्टे. अशी तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, म्हणून नाव आधी ठरलं, तपासणी नंतर झाली.

ओरबाडेल या धास्तीनं आम्ही हाताला फडकं गुंडाळलं होतं. तिनं जवळ येऊन मनगटाला कपाळ टेकवलं.

ही कुणाच्या तरी घरात वाढलेली होती. मांजर नकोसं झालं की पोत्यात घालून लांब सोडून यायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर दान करावं लागतं, असं मानणारी माणसंही हे बिनदिक्कत करतात. उपासमार होईल अशा रीतीनं जनावर टाकून देणं हा १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. पण कायदा ठाऊक नसला, तरी घरातल्या मांजराला उकिरड्यावर पोट भरता येत नाही, एवढं तरी कळायला हवं.

डॉक्टरांनी दात पाहून वय चार-पाच वर्षं सांगितलं. रेबीजची लस दिली, पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन केलं. मग घराचा शोध सुरू झाला.

“पिल्लू असलं तर द्या की!” जो तो हेच म्हणे. मोठं मांजर नव्या घरात टिकत नाही, हा समज पक्का. आम्हाला उलटंच वाटतं. पिल्लू पुढं कसं निघेल, कोण सांगणार? शेवंती कशी आहे, ते समोर दिसत होतं. एकानं धान्याच्या गोदामात उंदरांसाठी मागितली. आम्ही नाही म्हटलं.

(बेळगावातलंच शहापूर. कौलारू घर, उंबऱ्याशी रांगोळी.)

शेवटी शहापुरातल्या एका आजींनी होकार दिला. एकट्या राहतात. आम्ही सांगितलं, पहिले दोन आठवडे एकाच खोलीत ठेवा, दार-खिडकी बंद. मागाखालचं तिचं गोणपाट न धुता तिथंच अंथरा, ओळखीचा वास हवा. दूध नको, बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही.

दोन दिवस शेवंती कपाटाखाली. वाटी रिकामी व्हायची ती फक्त रात्री. आम्ही काळजीनं फोन केला, तर आजी म्हणाल्या, “राहू दे की तिला. लग्न होऊन या घरात आले, तेव्हा मी तरी चार दिवस कुठं धड जेवले होते?”

कपाटासमोर चटई टाकून त्या तांदूळ निवडत बसायच्या. हाक नाही, ओढाओढ नाही. नजरानजर झाली की सावकाश डोळे मिटायच्या. तिसऱ्या संध्याकाळी कपाटाखालून तसेच सावकाश मिटलेले दोन डोळे दिसले.

शेजारच्या कन्नड मावशी दारातून हाक मारतात, “बेक्कु, बा इल्ली!” म्हणजे मांजरी, इकडे ये. शेवंती कान टवकारते, उठत मात्र नाही.

परवा आजींना फोन लावला. हळू आवाजात म्हणाल्या, “मांडीवर झोपलीय. चहा शेजारणीनं आणून दिला. तुम्ही उद्या करा फोन.”