हवेतलं गायरान

अध्यक्ष महोदय आणि जेवणं लवकर आटोपून आलेले सगळे श्रोते,

तुमच्या वाचनालयाने मला विषय दिलाय 'वायरलेस इंटरनेट आणि उद्याचं तंत्रज्ञान'. उद्याचं सांगणाऱ्यांची टीव्हीवर एवढी गर्दी आहे की त्यात माझी भर नको. मी आयुष्यभर टॉवरवर आणि लोकांच्या गच्च्यांवर चढून अँटेना बांधल्या. म्हणून सागाच्या एका झाडापासून सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वी, एप्रिल महिन्यात, एका पाड्यावरच्या शाळेला आम्ही इंटरनेट दिलं. चार किलोमीटरवरच्या गावात फायबर पोचलेलं होतं. तिथल्या पाण्याच्या टाकीवर एक अँटेना, शाळेच्या पत्र्यावर दुसरी, दोघींची तोंडं समोरासमोर. लहरी ५.८ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५८० कोटी कंपनांच्या. मी दुर्बिणीतून पाहिलं, टाकी स्वच्छ दिसत होती, मध्ये नुसत्या काटक्या. हेडमास्तरांनी नारळ फोडला. पोरांनी सगळ्यात आधी काय लावलं असेल, तर जेसीबीचे व्हिडिओ.

जूनच्या शेवटी सरांचा फोन. "साहेब, तुमचं नेट पावसाला घाबरलं बघा." मला वाटलं, कनेक्टरमध्ये पाणी गेलं असणार. भिजत पत्र्यावर चढलो, तर कनेक्टर कोरडा ठणठणीत. मग समोर पाहिलं. टाकी गायब! एप्रिलमध्ये ज्यांना काटक्या म्हणून सोडून दिलं होतं तो साग होता, आणि त्याला पालवी फुटली होती. सागाचं पान म्हणजे जेवणाच्या ताटाएवढं, त्यात पावसानं निथळणारं. या लहरींना ओला पाला म्हणजे जवळजवळ भिंतच. दहा फुटी पाइप उभा करून अँटेना वर नेली तेव्हा कुठे नेट आलं. साग कधी पानं टाकतो आणि कधी फुटतो, हे त्या शाळेतल्या दुसरीच्या पोराला माहीत होतं. मला नव्हतं.

आता मुद्द्याचं. त्या दोन अँटेनांसाठी मी सरकारकडे परवाना मागितला का? स्पेक्ट्रम, म्हणजे लहरींचा पट्टा, विकत घेतला का? नाही. गरजच नव्हती.

गावातली जमीन कशी असते? काही खातेदारांची, काही सरकारी राखीव, आणि थोडं गायरान, जिथे कुणाचीही गुरं चरतात. हवेतही तसंच आहे. मोबाइल कंपन्या ज्या लहरी वापरतात त्या लिलावात घेतलेल्या असतात. २०२२ च्या ५जी लिलावात दीड लाख कोटींची बोली लागली. पण २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या आसपास काही पट्टे असे आहेत की तिथे ताकदीची मर्यादा पाळली, तर कुणीही यावं. तुमच्या घरचं वायफाय तिथेच चरतं. आपल्याकडे २.४ चा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. अमेरिकेत हे १९८५ सालीच झालं होतं, आणि तेव्हा तो पट्टा अगदी पडीक समजला जायचा. कारण तिथे आधीपासून मायक्रोवेव्ह ओव्हन धुमाकूळ घालत होते.

अजूनही घालतात. आमच्या घरी राऊटर फ्रिजवर होता आणि शेजारी ओव्हन. संध्याकाळी बायको भाजी गरम करायला ठेवायची आणि बरोब्बर तेव्हा मुलाची मीटिंग अडकायची. दोघांचं भांडण महिनाभर चाललं. मी, या धंद्यातला माणूस, शांतपणे पेपर वाचत होतो! ओव्हन चालतो २.४५ वर, त्यातली किंचित गळती राऊटरला पुरते. (आणि हो, ही पाण्याची कसली खास वारंवारिता आहे म्हणून अन्न गरम होतं, असं जे सांगतात, ते खरं नाही.) शेवटी राऊटर हॉलमधल्या कपाटावर गेला. तुमचा फ्रिजमागे किंवा लोखंडी गोदरेजच्या आडोशाला असेल, तर आज घरी गेल्यावर आधी तो हलवा.

तर या पडीक जमिनीवर पीक आलं कसं? ऑस्ट्रेलियात जॉन ओ'सलिव्हन नावाचे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. १९७० च्या दशकात ते स्फोट होणाऱ्या छोट्या कृष्णविवरांचा संदेश शोधत होते. तो काही सापडला नाही. पण अंतराळातून येताना विस्कटलेला संदेश पुन्हा नीट जुळवण्याचं गणित हाताशी आलं. घरातही भिंतींवर, कपाटांवर आपटून लहरींचे प्रतिध्वनी होतातच. १९९० च्या दशकात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तेच गणित तिथे लावलं. त्यांच्या संस्थेला, सीएसआयआरओला, १९९६ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं, आणि पुढे वायफायवाल्या कंपन्यांकडून कोट्यवधी डॉलर. आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ वेधशाळेच्या ४५ मीटर रुंदीच्या ३० दुर्बिणी अशाच मंद लहरी ऐकत बसल्यात. त्यांच्यापुढे तुमच्या खिशातला मोबाइल म्हणजे कीर्तनात डीजे. गंमत म्हणजे त्या ऐकतात हवेतून, पण ऐकलेलं मध्यवर्ती केंद्रात पोचवतात फायबरमधून. बिनतारी म्हणतो त्यातली बहुतेक वाट तारेचीच असते. फक्त शेवटचा पल्ला हवेतला.

आणि गायरानाची खरी परीक्षा त्या शेवटच्या पल्ल्यात असते. २०१८ च्या दूरसंचार धोरणात २०२२ पर्यंत एक कोटी सार्वजनिक वायफाय ठिकाणं करायची असं लिहिलं होतं. २०२० मध्ये पीएम-वाणी योजना आली. जुन्या एसटीडी-पीसीओसारखी कल्पना, किराणावाल्यानेही परवान्याशिवाय वायफाय विकावं. कल्पना मला फार आवडली होती. पण एक कोटीच्या आसपासही आपण गेलो नाही. कारण उघड आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा मातीमोल झाला, मग दुकानात उभं राहून कोण नेट घेणार? मुंबई सेंट्रलला जानेवारी २०१६ मध्ये गुगल आणि रेलटेलचं फुकट वायफाय सुरू झालं, तेव्हा लोक नेटसाठी स्टेशनात रेंगाळायचे. २०२० मध्ये गुगलने त्यातून अंग काढून घेतलं.

शहरात हे ठीक. पण २०२० च्या लॉकडाउनमध्ये कोकणातली पोरं रेंज शोधत डोंगरावर जाऊन अभ्यास करत होती, ती स्वस्त डेटाच्या काळातच. जिथे गिऱ्हाईक कमी, तिथे टॉवर परवडत नाही. पालघर भागात आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने वेगळी वाट पाहिली. दूरदर्शनसाठी राखलेल्या पट्ट्यातली बरीचशी जागा रिकामी असते. त्या लहरी लांब जातात, झाडांनाही फारशा दबत नाहीत. असा पट्टा माझ्या हातात असता तर सागाने एवढा छळ केला नसता! तो त्यांना प्रयोगापुरता मिळाला, सर्रास खुला झाला नाही. पुढे जास्त गावं जोडली ती ५.८ च्या गायरानातूनच.

म्हणून 'उद्या'बद्दल मला एकच वाद महत्त्वाचा वाटतो, ६ गिगाहर्ट्झचा. अमेरिकेने २०२० मध्ये तिथले १२०० मेगाहर्ट्झ वायफायसाठी मोकळे केले. आपल्या सरकारने मे २०२५ मध्ये मसुदा काढला तो खालच्या ५०० साठी, तोही घरात किंवा अगदी कमी ताकदीने वापरायचा. वरचा भाग मोबाइल कंपन्यांना हवाय. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगून ठेवलंय की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. माझं मत विचाराल तर आणखी थोडं गायरान सोडा. लिलावाचे पैसे एकदाच येतात. उपग्रहाचं नेट येतंय, ते दुर्गम भागात उपयोगी पडेल, पण तिथेही हवा कंपनीचीच आणि महिन्याचं बिल कंपनी ठरवणार. एआयबद्दल प्रश्न असतील तर शेवटी विचारा, चहा पिता पिता बोलू.

त्या शाळेचं काय झालं, असं पुढच्या रांगेतल्या ताई मघाशी विचारत होत्या. शाळा चालू आहे, नेट चालू आहे. साग वाढतोय. गेल्या वर्षी पाइप आणखी पाच फूट वाढवला. पंचायतीचे एक सदस्य म्हणाले, "कशाला दरवर्षी पाइप, झाडच तोडू ना." सर हसले. अँटेना लावायला परवाना लागत नाही, पण साग तोडायला लागतो.